झाडावर नावं कोरलेले पाहुणे

श्रीलंकेची सहल करून आलेल्या मराठी माणसाच्या फोनमध्ये नुवारा एलियाच्या ग्रेगरी तलावाचा एखादा फोटो हमखास सापडतो. मागे डोंगर, पुढे हंसाच्या आकाराची पायडल-बोट, बोटीत स्वेटर घातलेली मंडळी. हा ग्रेगरी कोण, ते गाइड सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. सर विल्यम ग्रेगरी. १८७२ ते १८७७ हा सिलोनचा गव्हर्नर होता. तलाव त्याच्या कारकिर्दीत झाला म्हणून त्याचं नाव. कोलंबोचं म्युझियमही त्यानंच उभारलं, आणि त्याचा पुतळा आजही तिथं दारात उभा आहे.

मी ज्या घराबद्दल लिहायला बसलोय ते या गृहस्थाचं. आयर्लंडच्या पश्चिमेला, गॉलवे परगण्यात, गोर्ट नावाच्या गावाबाहेर. कूल पार्क. इंग्रजी साहित्य शिकलेल्यांना हे नाव परीक्षेपुरतं तरी आठवत असेल, कारण डब्ल्यू. बी. यीट्सनं तिथल्या हंसांवर कविता लिहिली आणि ती बऱ्याच विद्यापीठांनी नेमली. पण एका यीट्सवर भागत नाही. जे. एम. सिंग, जॉर्ज बर्नार्ड शॉ, ओ'केसी हे नाटककार, आयरिश भाषेचा कैवारी डग्लस हाइड, चित्रकार ऑगस्टस जॉन असे एकाहून एक नग त्या घरी राहून गेले. एवढ्या आडगावातल्या एका घराला इतके नामवंत पाहुणे कसे काय मिळाले, याचं मला बरेच दिवस कुतूहल होतं. पाहुण्यांची यादी वाचत गेलो आणि हळूहळू माझं लक्ष यादीवरून उडून यजमानीणबाईंवर गेलं.

आधी घराच्या पैशाविषयी, कारण त्यात आपलाही संबंध आहे. ही इस्टेट १७६८ साली रॉबर्ट ग्रेगरी नावाच्या माणसानं विकत घेतली. तो ईस्ट इंडिया कंपनीत होता, बंगालमध्ये गडगंज होऊन परतला होता, आणि पुढे कंपनीचा अध्यक्षही झाला. म्हणजे हुगळीकाठचा पैसा गॉलवेच्या चुनखडीवर ओतला गेला आणि त्यातून हे घर उभं राहिलं. ते घर बघायला मुद्दाम ताजमहालासारखं काही नव्हतंच. साधं, चौकोनी, पांढरट, जमीनदारी थाटाचं. भोवती जंगलं मात्र अफाट.

सर विल्यम हा त्याचा वंशज. त्याच्या नावावर तलाव आहे, म्युझियम आहे, आणि एक कायद्याचं कलमही आहे. ते कलम आयर्लंडमध्ये अजून कोणी विसरलेलं नाही. १८४५ नंतर बटाट्यावर रोग पडला, दुष्काळ आला, माणसं रस्त्याकडेला मरायला लागली. १८४७ साली लंडनच्या पार्लमेंटात मदतीचा कायदा होत असताना या तरुण खासदारानं त्यात एक तरतूद घालून घेतली: ज्या कुटुंबाकडे पाव एकराहून जास्त जमीन आहे त्याला सरकारी मदत मिळणार नाही. पोटाला हवं असेल तर जमीन सोडा. लोकांनी जमीन सोडली, जमिनीबरोबर झोपडी गेली, आणि मग ते धर्मशाळावजा अनाथालयात, तिथल्या भाषेत वर्कहाउसमध्ये, नाहीतर अमेरिकेच्या जहाजावर. त्या दुष्काळात दहा लाखांच्या आसपास माणसं मेली आणि तितकीच देश सोडून गेली. स्वतःच्या कुळांशी सर विल्यम बरा वागे असं म्हणतात. कलम मात्र सगळ्या देशाला लागू झालं.

या माणसानं १८८० साली, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, शेजारच्या रॉक्सबरो इस्टेटीतल्या ऑगस्टा पर्सी या सत्तावीस वर्षांच्या मुलीशी लग्न केलं. ती घरातली सगळ्यांत धाकटी मुलगी. दिसायला बेताची, वाचायला हावरट. लग्नाला बारा वर्षं होताहोता नवरा गेला. पदरात दहा वर्षांचा रॉबर्ट, इस्टेटीवर कर्ज. लंडनचा थाट आवरून ग्रेगरीबाई कूलला येऊन राहिल्या, मरेपर्यंत काळे कपडे घातले, आणि मुलगा सज्ञान होईपर्यंत इस्टेट कर्जमुक्त करायची एवढं एकच काम हातात घेतलं. इथपर्यंतची गोष्ट आपल्याकडच्या कुठल्याही वाड्यातल्या कर्त्या विधवेची असते तशीच आहे.

१८९७ च्या उन्हाळ्यात यीट्स आला. बत्तीस वर्षांचा, कफल्लक, मॉड गॉन या क्रांतिकारी बाईच्या प्रेमात पार मोडलेला, डोळे अधू, तब्येत यथातथा. जवळच समुद्राकाठी एका स्नेह्यांकडे पावसानं सगळ्यांना घरात कोंडलं असताना बोलता बोलता विषय निघाला, की आयर्लंडचं स्वतःचं नाट्यगृह असायला हवं. कवीनं स्वप्न मांडलं. बाईंनी वर्गणीची यादी करायला घेतली. त्या यादीतूनच पुढे १९०४ साली डब्लिनचं ॲबी थिएटर उभं राहिलं. (याच ॲबीत १९१३ साली टागोरांचं ‘डाकघर’ झालं, हे जाता जाता.)

त्या वर्षी यीट्स दोनेक महिने राहिला, आणि मग जवळजवळ वीस वर्षं त्याचे उन्हाळे तिथंच गेले. ‘तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई’ ही आपली म्हण त्याला कोणी सांगितली नसावी. पहिल्या वर्षी त्याला लिहिण्याचं त्राण नव्हतं, तेव्हा बाई त्याला आपल्याबरोबर झोपडी-झोपडीतून हिंडवायच्या. म्हातारेकोतारे परीकथा सांगायचे आणि संध्याकाळी त्या बाई लिहून काढायच्या. सकाळी त्याच्या खोलीत गरम सूप जायचं. घरातली चांगली खोली त्याची, चांगली वाइन त्याच्यासाठी. त्याची हस्तलिखितं बाई स्वतः टाइप करून द्यायच्या. पैशाची निकड असेल तर पैसेही. ते पाचशे पौंडांपर्यंत गेले होते, आणि यीट्सनं ते १९१४ साली फेडले. मुलगा मोठा झाला, सून आली, तेव्हा हा कायमचा पाहुणा दोघांनाही खटकायला लागला. त्यांची काय चूक? आपल्याच घरात जेवणाच्या टेबलावर मानाच्या जागी एक कवी बसलेला, आणि आई त्याच्या ताटाकडे बघतेय.

नातवंडांना मात्र तो वेगळाच आठवतो. कविता जुळवताना यीट्स मोठमोठ्यानं गुणगुणायचा, ते गुणगुणणं घरभर ऐकू यायचं, असं नात ॲननं पुढे लिहून ठेवलंय. या ॲनच्या पिवळ्या केसांवरही त्यानं कविता केली. समोर बसवून त्यानं ती वाचून दाखवली तेव्हा पोरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

यीट्सच्या तिथल्या सुरुवातीच्या वर्षांतली एक गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. १९०२ च्या एप्रिलमध्ये ‘कॅथलीन नी हूलिहान’ नावाची एकांकिका डब्लिनमध्ये झाली. वर्ष १७९८, बंडाचा काळ. एका शेतकऱ्याच्या घरी लग्नाची तयारी चाललीय, हुंड्याचे पैसे मोजले जाताहेत, आणि दारात एक म्हातारी येते. पाहुणीच ती. माझ्या घरात परके शिरलेत, माझी चार हिरवी शेतं गेलीत, म्हणते. नवरदेव नवरी सोडून तिच्यामागे चालू लागतो. म्हातारीचं काम मॉड गॉननं केलं होतं. नाटकानं लोक इतके पेटले, की आपल्या या नाटकानं काही माणसांना इंग्रजांच्या गोळ्यांपुढे तर नाही ना धाडलं, असा प्रश्न म्हातारपणी यीट्सला छळायचा. नाटक यीट्सच्या नावावर आहे. बोलीसाठी लेडी ग्रेगरींची मदत झाली, असं त्यानं म्हटलंही. पण हस्तलिखिताच्या पहिल्या दहा पानांवर बाईंच्या हातची पेन्सिलीनं केलेली नोंद आहे: हे सगळं एकट्या माझं. पुढच्या भागाला: हे डब्ल्यू.बी.वाय.बरोबर.

म्हणजे ते घर, ते पैसे मोजणं, आई-बापाची बोलणी, सगळा जिवंत संसार बाईंचा. म्हातारीचं गूढ बोलणं यीट्सचं. घरच्यांनी आग्रह केला की आपलं नाव लावा, तर बाई म्हणाल्या, त्याचं लोकांना खरोखर आवडलेलं नाटक हे एकच, ते मी त्याच्याकडून कशाला काढून घेऊ? मला हे औदार्य वाटत नाही. निदान नुसतं औदार्य नाही. पाहुण्याला वाढताना आपलं पान रिकामं ठेवायची जी सवय घरोघरच्या बायकांना लागलेली असते, ती इथं साहित्यात उतरलीय. पन्नाशीला टेकल्यावर नाटकं लिहायला लागलेल्या या बाईंनी नंतर त्यांचा सपाटाच लावला. ॲबीच्या पहिल्या रात्री तीन एकांकिका झाल्या, त्यातली एक पूर्ण त्यांची आणि दुसरी ही, निम्म्याहून अधिक त्यांची. साहित्याच्या इतिहासात मात्र त्यांची जागा अजून ‘यीट्सच्या आश्रयदात्या’ या रकान्यात आहे.

बाकी पाहुणे. सिंगला १९०१ साली त्याच घरात आपलं पहिलं नाटक नाकारलं गेल्याचं ऐकावं लागलं. पुढच्या वर्षी तो ॲरन बेटांवर पाहिल्या-ऐकल्यातून सुचलेली नाटकं घेऊन आला, आणि ती नाकारायची कोणाची टाप नव्हती. हाइड तळ्यावर बदकं मारायला यायचा. बाईंनी त्याला लिहायला बसवलं, आणि त्याची आयरिश भाषेतली एकांकिका १९०१ साली डब्लिनच्या मोठ्या रंगमंचावर गेली. १९३८ मध्ये तो आयर्लंडचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. ओ'केसी डब्लिनच्या गरीब वस्तीतला, हातावर पोट असलेला कामगार. १९२४ साली तो आला तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या बाई त्याला घ्यायला स्टेशनवर गेल्या होत्या, तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून. चार वर्षांनी ॲबीनं त्याचं नाटक परत केलं आणि त्याचं मन विटलं. बाईंनी लंडनला त्याच्या घरी येऊन भेटायची इच्छा कळवली, तर त्यानं नको म्हणून लिहिलं. त्याबद्दल तो पुढे हळहळला, पण तोवर उशीर झाला होता.

शॉचं मात्र ऐकण्यासारखं आहे. पहिल्या महायुद्धाचे दिवस. घरात रेशन, आणि मुलांना ताकीद: पावावर एकतर लोणी नाहीतर जॅम, दोन्ही नाही. आणि हा पांढऱ्या दाढीचा जगप्रसिद्ध माणूस काय करायचा, तर पावाच्या एका बाजूला लोणी फासायचा, हळूच पाव उलटा करायचा आणि दुसऱ्या बाजूला जॅम. नातींच्या डोळ्यांदेखत! समाजवाद, शाकाहार, न्याय यांवर जगाला व्याख्यानं देणारा माणूस. लपवलेलं अंगुस्तान शोधायच्या खेळातही तो बोटांच्या फटीतून बघायचा म्हणे. मोठ्या माणसांच्या चरित्रांत त्यांची पत्रं असतात, भाषणं असतात. तो माणूस पाहुणा म्हणून कसा होता, हे घरातल्या लहान पोरांकडूनच कळतं.

१९१५ साली शॉ तिथं असतानाच ऑगस्टस जॉन आला. बाईंनी त्याला नातवाचं चित्र काढायला बोलावलं होतं. त्यानं ते काढलं, आणि वर शॉचीही काढली. त्यांतल्या एका चित्रात शॉचे डोळे मिटलेले आहेत.

माझी भाची गॉलवेला नोकरीला आहे, तिच्याकडे गेलो असताना मी कूल बघून आलो. गॉलवेहून दक्षिणेला बसनं गोर्ट. गोर्टमध्ये उतरलं की पहिला धक्का बसतो तो पोर्तुगीज पाट्यांचा. मांस कारखान्यांत काम करायला आलेले ब्राझीलचे लोक नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून इथं वसलेत, आणि चौकात त्यांची दुकानं आहेत. जिथून माणसं बाहेर गेली त्या गावात आता माणसं येतात. दुकानातल्या बाईंना कूल पार्कचा रस्ता विचारला, तर त्यांनी आधी मला भारतात कुठून ते विचारलं.

घर आता नाही. फक्त जोतं आहे, त्यावर पोरं उड्या मारत होती. पागांच्या जागेत माहितीकेंद्र आणि चहाची खोली. भिंतीनं वेढलेल्या बागेत ते झाड. तांबूस पानांचा बीच, भोवती लोखंडी कठडा. घरच्या पाहुण्यानं जाण्याआधी बुंध्यावर आपली आद्याक्षरं कोरायची हा इथला मान होता, आणि तो सगळ्यांना मिळत नसे. बीचची साल गुळगुळीत, राखाडी, हत्तीच्या कातडीची आठवण करून देणारी. तिच्यावर चाकूनं ओढलेली अक्षरं सुरुवातीला बारीक असणार. पण शंभराहून अधिक वर्षं बुंधा फुगत गेला, तशी अक्षरंही आडवी ताणली गेलीत, कडा सुजल्यासारख्या वर आल्यात. डब्ल्यू.बी.वाय. शोधावं लागतं. जे.एम.एस. तर फलकावरच्या आराखड्याशिवाय मला दिसलंच नाही. जी.बी.एस. मात्र लांबूनसुद्धा वाचता येतं. तो माणूसच तसा. ऑगस्टस जॉन तर वर चढून कोरून आला होता असं सांगतात. खाली उभं राहून मान मोडेपर्यंत बघितलं, मला काही दिसलं नाही.

त्याच झाडाशी उभं असताना मला गोर्टचं वर्कहाउस आठवत होतं. ग्रेगरीबाई आयरिश शिकल्या, आणि लोककथा गोळा करायला झोपड्यांत हिंडल्या तशा त्या वर्कहाउसमध्येही जाऊन बसल्या. तिथले निराधार म्हातारे राजपुत्रांच्या, सोन्याच्या महालांच्या गोष्टी सांगत. कपाळी दारिद्र्य आणि तोंडी हे वैभव, याचं बाईंना फार नवल वाटलं आणि त्यांनी तसं लिहिलंय. पण त्यांतल्या किती जणांच्या आईबापांनी त्या पाव एकराच्या कलमापायी घर सोडलं होतं? नवऱ्यानं घातलेलं कलम आणि बायकोनं पन्नास वर्षांनी त्याच भिंतींआड बसून उतरवून घेतलेल्या गोष्टी. बाईंच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. त्या गोष्टी त्यांनी लिहून घेतल्या नसत्या तर मातीत गेल्या असत्या. तरी त्या घरातल्या दिवाणखान्यात जे नाटक, जी कविता झाली तिचा कच्चा माल कुठून येत होता, हे मनातून जात नाही. सांगणाऱ्यांतल्या कोणाला त्या झाडाशी नेऊन हातात चाकू दिल्याचं माझ्या वाचनात नाही.

बाईंच्या पुढ्यात पुढचं सगळं एकामागोमाग येत गेलं. १९१५ मध्ये भाचा ह्यू लेन ‘लुसिटानिया’ बोटीवर बुडाला. १९१८ च्या जानेवारीत एकुलता एक रॉबर्ट, वैमानिक, इटलीत मेला. मग स्वातंत्र्ययुद्ध, मग यादवी. जमीनदारांची घरं जळत होती. बाईंचं माहेर रॉक्सबरोही १९२२ साली जळालं. कूलला कोणी हात लावला नाही, पण जमिनीच्या मागणीवरून एकानं जिवे मारायची धमकी दिली. बाईंनी त्याला शांतपणे सांगितलं, रोज संध्याकाळी सहा ते सात मी या टेबलाशी लिहीत बसते, खिडकीचे पडदे उघडे असतात.

घर गेलं ते आगीत नाही, हिशेबात. रॉबर्टनंतर ते सुनेच्या नावावर होतं आणि परवडत नव्हतं. १९२७ मध्ये सरकारच्या जमीन व वन खात्यानं ते घेतलं. बाई वर्षाला शंभर पौंड भाडं भरून तिथंच राहिल्या. २२ मे १९३२ रोजी कॅन्सरनं गेल्या. आधीचा सगळा हिवाळा यीट्स त्यांच्याजवळ होता, नेमका त्या रात्री कामासाठी डब्लिनला गेलेला. काही तासांनी पोहोचला. त्याच वर्षी त्यानं बडनेऱ्यात जन्मलेल्या आपल्या श्रीपुरोहित स्वामींच्या आत्मचरित्राला प्रस्तावना लिहिली, आणि दोन वर्षांनी स्वामींच्या गुरूंच्या मूळ मराठी कैलास-मानसयात्रेच्या इंग्रजी भाषांतरालाही. वऱ्हाडातल्या याच स्वामींबरोबर बसून त्यानं दहा उपनिषदं इंग्रजीत आणली, ती नंतर १९३७ साली आली. हा धागा मराठीत कोणी नीट ओढून लिहावा असं मला फार वाटतं.

बाईंच्या मागे दोनतीन महिन्यांत घरातलं सामान लिलावात गेलं. १९४१ साली घर दगडांसाठी पाडलं. कोणीतरी त्याचे दगड नेऊन कुठंतरी भिंती बांधल्या असणार. जंगल आणि तळं मात्र राखीव म्हणून राहिलं. तळं मोठं मजेशीर आहे. खाली चुनखडी, नदी मध्येच जमिनीखाली गडप होते, त्यामुळे पाणी हिवाळ्यात झाडांत शिरतं आणि उन्हाळ्यात बरंचसं आटतं. हंस बघायचे तर थंडीत जा. मी उन्हाळ्यात गेलो होतो, मला गवत दिसलं आणि गाई.

डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात एक जुनं, लांबलचक ग्रंथदालन आहे. दोन्ही बाजूंना संगमरवरी अर्धपुतळे: प्लेटो, शेक्सपिअर, स्विफ्ट, असे एकंदर चाळीस, सगळे पुरुष. २०२३ च्या फेब्रुवारीत तिथं पहिल्यांदा बायकांचे चार पुतळे बसवले, आणि त्यांतला एक ऑगस्टा ग्रेगरींचा आहे. पुतळ्याखाली काय लिहावं यावर कोणी वाद घातला असेल तर मला तो ऐकायला आवडला असता. माझं मत विचाराल तर, नाटककार. आणि बाकी काही नाही.